वडिलांचं दूरदर्शनमधलं कपाट: आधी कॅसेटी की आधी कागद?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील १९७४ पासून निवृत्तीपर्यंत मुंबई दूरदर्शनवर निर्माते होते, त्याआधी काही वर्षं आकाशवाणीवर. गेल्या वर्षी ते गेले. डोंबिवलीच्या घरात त्यांची दोन लोखंडी कपाटं आहेत. त्यांत यू-मॅटिक (केंद्रात वापरायची मोठी व्हिडिओ कॅसेट) आणि व्हीएचएस मिळून साठेक कॅसेटी, काही स्पूल (आवाजाच्या टेपची रिळं), सोळा मिलिमीटर फिल्मचे तीन डबे आणि दोन पोती भरतील इतके कागद. इमारत पुनर्विकासाला जाते आहे, दोन महिन्यांत घर रिकामं करायचंय. कॅसेटी डिजिटाइझ करून घ्याव्यात आणि कागद रद्दीत द्यावेत, असं घरात ठरतंय. हे बरोबर आहे का?

नाही. कागद रद्दीत देऊ नका. या उत्तरातलं बाकी काही वाचायला वेळ मिळाला नाही तरी एवढं कराच. कॅसेटीतल्या काहींची दुसरी प्रत कुठेतरी असण्याची शक्यता आहे. तुमच्या वडिलांच्या कागदांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

मी गेली २७ वर्षं प्रसारणातल्या माणसांचे खाजगी संग्रह लावण्याचं, नोंदवण्याचं आणि सुरक्षित जागी पोचवण्याचं काम करतो. या काळात घरोघरी हाच निर्णय होताना पाहिला आहे: चमकदार दिसतं ते ठेवायचं, पिवळं पडलेलं टाकायचं. चित्रकाराची चित्रं उरतात, लेखकाची पुस्तकं उरतात. प्रसारणात काम केलेल्या माणसाचं काम मात्र त्याच संध्याकाळी हवेत विरून गेलेलं असतं. तीस वर्षं रोज राबलेल्या माणसाच्या नावावर हाताला लागेल असं जे काही उरतं, ते बहुतेक कागदावरच उरतं.

याचं मला सर्वात जवळचं वाटणारं उदाहरण लंडनचं आहे, पण त्यात एक मराठी बाई आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४३, जॉर्ज ऑर्वेल बीबीसीच्या पूर्वेकडच्या सेवेत भारतासाठी कार्यक्रम करत होता. वेणू चितळे तिथे त्याच्या सहकारी होत्या, स्वतः निवेदनही करत. ऑर्वेल इंग्रजीत साप्ताहिक वार्तापत्र लिही आणि त्याची मराठी, गुजराती, बंगाली, तामिळ भाषांतरं होऊन प्रसारित होत. इतकं बोलूनही ऑर्वेलच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आज शिल्लक नाही. शिल्लक राहिल्या त्या टंकलिखित संहिता, सेन्सॉरच्या शिक्क्यांसकट, बीबीसीच्या कॅव्हरशॅम इथल्या लिखित दस्तऐवजांच्या संग्रहात. १९८० च्या दशकात कुणीतरी त्या फायली उघडल्या म्हणून त्या दोन वर्षांत तो नेमकं काय बोलला, काय बोलायची मुभा होती, हे जगाला कळलं. आवाज गेला, पण फायलीमुळे माणूस परत मिळाला.

आपल्याकडे वेगळं काही झालेलं नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून सुरू झालं. बातम्या थेट जात. स्मिता पाटील, भक्ती बर्वे यांनी त्या कॅमेऱ्यासमोर बातम्या वाचल्या हे आपल्याला ठाऊक असतं ते बघितलेल्या लोकांच्या आठवणीतून आणि फोटोंतून, कारण रोजच्या बातमीपत्राचं रेकॉर्डिंग जपून ठेवायची पद्धतच नव्हती. टेप महाग होती, आयात करावी लागे. कार्यक्रम प्रसारित झाला की पुसायची आणि पुन्हा वापरायची. हे फक्त आपल्याच देशात झालं असं मानू नका. बीबीसीने 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेचे कितीतरी भाग १९६० आणि ७० च्या दशकांत असेच घालवले. त्यातले ९ भाग २०१३ मध्ये थेट नायजेरियातल्या एका केंद्रात सापडले. बाकीच्या हरवलेल्या भागांचा निदान आवाज आज ऐकता येतो, तो त्या काळी घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून बसलेल्या प्रेक्षकांमुळे.

म्हणून तुमच्या कपाटातल्या व्हीएचएसबद्दल आधी एक सांगतो. 'या तर घरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या, दर्जा वाईट' असं म्हणून त्या बाजूला काढू नका. केंद्राने कार्यक्रम जपला असेल, पण त्याच्या आधीचं निवेदन, मधल्या जाहिराती, 'व्यत्यय'ची पाटी, साप्ताहिकीतली (आठवड्याचे कार्यक्रम सांगणारी) घोषणा हे कुणीच जपलेलं नसतं. घरच्या कॅसेटीवर ते आपसूक आलेलं असतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ पर्यंत घरातल्या टीव्हीवरून रात्रंदिवस रेकॉर्डिंग केलं. सुमारे ७० हजार कॅसेटी झाल्या आणि आज तो वृत्तप्रसारणाच्या अभ्यासाचा मोठा साठा आहे.

आता कागद. त्यांत काय असेल, याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे.

निर्मात्याच्या घरी रोजनिशी असते. बहुधा सरकारी किंवा बँकेची डायरी. तिच्यात भावना कमी आणि वेळा जास्त: स्टुडिओ कधी मिळाला, कलाकार कोण आले, कोण आलं नाही, एडिटिंगला किती शिफ्ट लागल्या. मग कॅमेरा स्क्रिप्ट, एका बाजूला दृश्य, दुसऱ्या बाजूला आवाज, समासात पेन्सिलीने कॅमेऱ्यांचे आकडे. क्यू शीट, म्हणजे कोणत्या क्षणी काय सुरू करायचं याची यादी. सेटचे आराखडे. कॅप्शनच्या याद्या. संगणक येण्याआधी श्रेयनामावली हाताने लिहिलेल्या कार्डांवर असे आणि ती कार्डं लिहिणाऱ्याचं नाव त्याच श्रेयनामावलीत क्वचितच असे. कलाकारांचे करार: त्यावर कार्यक्रमाचं नाव, ध्वनिमुद्रणाची तारीख, प्रसारणाची तारीख आणि मानधन. आकाशवाणीच्या काळातले करार तर कधी कधी एखाद्या गायकाने त्या दिवशी गायल्याचा एकमेव पुरावा असतात. प्रेक्षकांची पत्रं. 'आमची माती आमची माणसं' किंवा 'ज्ञानदीप' यांसारख्या कार्यक्रमांना गावागावांतून पोस्टकार्डं येत. त्यातला एखादा गठ्ठा निर्मात्याने घरी आणून ठेवलेला असतो, कारण तो टाकवत नाही. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने, शिक्षिकेने, गिरणी कामगाराने टीव्हीकडे कसं पाहिलं याचा त्याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

आणि मग असतात ते कागद, जे पाहून घरचे म्हणतात, 'हे तर नक्कीच टाकण्यासारखं आहे.' बदलीचे हुकूम, रजेचे अर्ज, टीए बिलं. मी या टीए बिलांवर अक्षरशः जीव टाकतो. एका संग्रहात वारीच्या चित्रीकरणाच्या तीन कॅसेटी होत्या. लेबलं गळून पडलेली, साल कळायला मार्ग नाही, चित्रात पालखी आणि पाऊस. त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात प्रवासभत्त्याच्या बिलांची फाइल सापडली. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद असे मुक्काम तारखांसह नोंदवलेले, सोबत युनिटमध्ये कोण कोण होतं त्यांची नावं. साल मिळालं, कॅमेरामन मिळाला, ध्वनिमुद्रक मिळाला, गाडीचा चालकही मिळाला. घरच्यांनी ती फाइल रद्दीच्या ढिगात ठेवलेली होती.

तारीख नसलेल्या कागदांचा काळ ओळखायला लेटरहेड पाहा. १ एप्रिल १९७६ पर्यंत दूरदर्शन हा आकाशवाणीचाच भाग होता. त्यामुळे टीव्हीच्या कामाचं पत्र ऑल इंडिया रेडिओच्या नावाने असेल तर ते बहुधा त्याआधीचं. (जुनी छापील कोरी लेटरहेडं संपेपर्यंत वापरली जात, तेव्हा काही महिन्यांची सूट धरा.) प्रसार भारतीचं नाव असेल तर ते २३ नोव्हेंबर १९९७ नंतरचं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. स्टुडिओचा फोटो कृष्णधवल असला म्हणजे प्रसारण कृष्णधवल होतं असं नाही, पण रंगीत प्रसारण १९८२ मध्ये आलं हे ध्यानात ठेवून पडद्यावरून काढलेले फोटो तपासता येतात.

पुढचं काम शांतपणे करावं लागेल. कपाटातली एकही वस्तू हलवण्याआधी प्रत्येक कप्प्याचा फोटो काढा. मोबाइलवर काढला तरी चालेल, पण उजेडात आणि सरळ. मग कप्प्यांना नावं द्या: डावं कपाट, वरून पहिला कप्पा, असं. ज्या क्रमाने वडिलांनी ठेवलं त्याच क्रमाने खोक्यांत भरा आणि प्रत्येक खोक्यावर कप्प्याचं नाव लिहा. आमच्या कामात याला मूळ क्रम म्हणतात आणि तो मोडला की पुन्हा जुळवता येत नाही. तुम्हाला विषयवार लावायचा मोह होईल, कारण नाटकाचं एकीकडे, मुलाखतींचं एकीकडे असं ठेवलं की नीटनेटकं दिसतं. पण त्यांनी एखादं पाकीट एखाद्या कॅसेटीखाली ठेवलं असेल तर त्यामागे कारण असतं. एका घरी सुनेने फार मायेने, महिनाभर बसून, सासऱ्यांचे सगळे कागद माणसांच्या नावांनुसार लावले होते. प्रत्येक पाकिटातली यादी कोणत्या टेपची होती, ते सांगणारा एकच दुवा होता, तो म्हणजे जागा. तो गेला. आम्ही अजून त्यातल्या अर्ध्या टेपा ओळखू शकलेलो नाही.

कागदांच्या बाबतीत काही गोष्टी आज संध्याकाळपासून करा. रबरबँड काढा, ते वितळून कागदाला चिकटतात. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हळूच काढा, पण एकत्र टाचलेले कागद एका कोऱ्या कागदाच्या घडीत एकत्रच ठेवा. लॅमिनेशन कधीही करू नका. प्रेमापोटी लॅमिनेट केलेलं सन्मानपत्र मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा वाईट वाटतं, कारण ते प्लास्टिक पुन्हा सुखरूप निघत नाही. १९९० च्या दशकातले फॅक्स असतील तर सर्वात आधी त्यांचे फोटो काढा. ते उष्णतेने छापलेल्या कागदावर असतात आणि मजकूर दरवर्षी फिका होत जातो. काही तर आत्ताच कोरे झाले असतील, त्यांना तिरप्या उजेडात धरून पाहा. डांबरगोळ्या कागदांत टाकू नका. पोत्याऐवजी पुठ्ठ्याचे मजबूत खोके घ्या, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा आणि बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात ती भिंत आतून ओली असते.

फोटोंमागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिल घ्या. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओरबाडून काढायच्या फंदात पडू नका, अख्खं पान तसंच स्कॅन करा.

कॅसेटींकडे येतो. पहिली गोष्ट, कुठलीही कॅसेट 'चालते का बघू' म्हणून लावून पाहू नका. जुनी टेप दुसऱ्यांदा चालेल याची खात्री नसते, तेव्हा ती पहिल्यांदा चालेल तेव्हाच तिची प्रत व्हायला हवी. दुसरं, चुकून पुसली जाणार नाही याची व्यवस्था करा. यू-मॅटिकच्या तळाशी एक लाल गोल बटण असतं, ते काढलं की तिच्यावर रेकॉर्डिंग होत नाही. व्हीएचएसच्या कडेला छोटी पट्टी असते, ती तोडायची. मग प्रत्येक कॅसेट खिडकीजवळ धरून फितीच्या गुंडाळीकडे पाहा. पांढरी जाळी, ठिपके किंवा कापसासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत घालून वेगळी ठेवा आणि कुठल्याही यंत्रात घालू नका, कारण त्या यंत्रातून ती पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागेल. काही टेपांत वेगळा आजार असतो. फितीवरचा चुंबकीय थर ज्या बाइंडरने धरलेला असतो तो हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. अशी टेप यंत्रात किंचाळते आणि हेडवर राळ सोडते. तिला नियंत्रित उष्णता देऊन तात्पुरतं सावरता येतं, पण ते जाणकाराचं काम आहे. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नका.

फिल्मचे डबे उघडा आणि वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली आहे. तो वायू शेजारच्या फिल्मलाही बाधतो, म्हणून ते डबे बाकीच्यांपासून लांब, थंड आणि हवेशीर जागी ठेवा. तीनही डब्यांची नोंद करून फिल्म जपणाऱ्या संस्थेशी लवकर बोला. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हे काम करत आलं आहे, आणि मुंबईत २०१४ पासून फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे. १९८० च्या आधीच्या बातम्या आणि माहितीपट पुष्कळदा सोळा मिलिमीटरवर चित्रित होत, त्यामुळे त्या तीन डब्यांत काय असेल याची मला तुमच्याइतकीच उत्सुकता आहे.

वेळेबद्दल खोटा दिलासा देणार नाही. यू-मॅटिक १९७१ मध्ये आली. ती चालवणारी यंत्रं बनणं कधीच बंद झालं आहे. व्हीएचएसची यंत्रं बनवणारी शेवटची कंपनीही २०१६ मध्ये थांबली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच बजावलं होतं की २०२५ नंतर चुंबकीय फितींवरचं साहित्य मोठ्या प्रमाणावर वाचवणं अवघड होईल, आणि २०१९ मध्ये युनेस्कोनेही तसाच इशारा दिला. टेप तर कुजतेच, पण त्याआधी यंत्र, सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारी माणसं संपतात. तरीही दोन महिन्यांत घाईघाईने साठ कॅसेटी कुणाकडून तरी डीव्हीडीवर उतरवून घेऊ नका. दोन महिन्यांत त्या नीट बांधून सुरक्षित घरी हलवा. डिजिटायझेशन सहा महिन्यांनी झालं तरी चालेल, पण चांगलं व्हायला हवं.

चांगलं म्हणजे काय, हे लॅबला विचारायच्या प्रश्नांतून कळेल. यंत्राबरोबर टाइम बेस करेक्टर (जुन्या टेपचं थरथरणारं चित्र स्थिर करणारं उपकरण) वापरता का? मूळ सेकंदाला २५ फ्रेमची इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी चित्र उमटवणारी) रचना तशीच ठेवता की बदलता? (तशीच ठेवायला सांगा.) मास्टर फाइल कशात देता? उत्तर 'एमपी४' किंवा 'डीव्हीडी' एवढंच आलं तर दुसरी लॅब शोधा. मास्टर १०-बिट अनकॉम्प्रेस्ड (न दाबलेला) किंवा एफएफव्ही१ कोडेकमध्ये (काही न गमावता फाइल लहान करण्याची पद्धत) एमकेव्ही फाइल असावा. अनकॉम्प्रेस्ड घेतलात तर तासाला सुमारे १०० जीबी जागा लागते. एफएफव्ही१ मध्ये ती साधारण निम्म्यावर येते आणि चित्राचा एक कणही गमावला जात नाही. बघण्यासाठी वेगळी छोटी एमपी४ घ्या. स्पूलसाठी ९६ किलोहर्ट्झ, २४-बिट डब्ल्यूएव्ही. आवाज 'स्वच्छ' करून देऊ का असं विचारतील, तर मास्टरमध्ये अजिबात नको म्हणा. खरखर काढताना आवाजाचा जो भाग जातो तो परत मिळत नाही. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा) मागा, म्हणजे पुढे फाइल बिघडली का हे तपासता येईल. आणि डिजिटाइझ झाल्यावर मूळ कॅसेटी परत घ्या. 'आता या लागणार नाहीत' म्हणून लॅबमध्ये सोडू नका. एका कुटुंबाच्या बाबतीत मला हे फार उशिरा कळलं. प्रत सदोष निघाली तेव्हा मूळ कॅसेटी भंगारात गेल्या होत्या.

साठही एकदम करायच्या नसतील तर क्रम असा लावा. लेबलावर 'रशेस' (कच्चं चित्रीकरण) किंवा 'अनएडिटेड' लिहिलेल्या आधी. संपादित कार्यक्रमाची प्रत केंद्राकडे असू शकते, पण संपादनात वगळलेला भाग, म्हणजे मुलाखतीतलं कापलेलं वाक्य, 'कट' म्हटल्यानंतरचं हसणं, फक्त तुमच्याकडे असतो. त्यानंतर घरच्या व्हीएचएस. 'एअर कॉपी', म्हणजे प्रसारित झालेल्या कार्यक्रमाची प्रत, असं लिहिलेल्या शेवटी.

तयार फाइल दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी, नात्यातल्या कुणाकडे. वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहा.

हक्कांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न यूट्यूबचाच येतो. कॅसेट तुमच्या कपाटात आहे म्हणजे कार्यक्रम तुमचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असताना केलेल्या कामाचा हक्क सामान्यतः नोकरी देणाऱ्याकडे असतो. शिवाय त्यात गायक, वादक, नट यांचे स्वतःचे हक्क असतात. संहिता बाहेरच्या लेखकाची असेल तर करारात काय लिहिलंय ते पाहावं लागतं. कॅसेट जपणं आणि अभ्यासासाठी सुरक्षित जागी देणं हे एक काम आहे, ती सार्वजनिक करणं हे दुसरं. वडिलांच्या स्वतःच्या रोजनिशा आणि खाजगी लेखन यांचे हक्क मात्र वारसांकडे येतात. त्यांना आलेली पत्रं तुमच्याकडे आहेत, पण त्यातल्या मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांचा. गोपनीय अहवाल किंवा सहकाऱ्यांच्या चौकशीचे कागद सापडले तर ते नष्ट करू नका, पण वेगळ्या पाकिटात घालून त्यावर 'बंद' असं लिहा. संस्थेला देताना अमुक वर्षांपर्यंत उघडू नये अशी अट घालता येते. पत्ते-फोनची वही हीही तशीच बंद ठेवण्याची गोष्ट.

कुठे द्यायचं? अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तिथल्या गाजलेल्या प्रसारण-पत्रकारांपैकी वॉल्टर क्रॉन्काइट यांचे कागद टेक्सस विद्यापीठात आहेत, एडवर्ड मरो यांचे टफ्ट्स विद्यापीठात, आणि टीव्हीतल्या माणसांच्या प्रदीर्घ मुलाखतींचा एक मोठा प्रकल्प तिथे १९९७ पासून चालू आहे. प्रकाशयोजना करणाऱ्यांपासून वेशभूषाकारांपर्यंत सगळे त्यात बोललेत. मराठी टीव्हीच्या माणसांसाठी असं एक घर नाही, आणि याचं मला मनापासून दुःख आहे. विनायक चासकरांचा 'गजरा', सुहासिनी मुळगांवकरांचा 'प्रतिभा आणि प्रतिमा' हे कार्यक्रम अजून लोकांच्या तोंडी आहेत. ते करताना कोणते कागद तयार झाले आणि ते आज कुठे आहेत, असं विद्यार्थ्यांनी विचारलं तर मला एका जागेचा पत्ता देता येत नाही.

तरीही दारं आहेत. कार्यक्रमांच्या टेपांबद्दल प्रसार भारतीच्या संग्रहाला यादी पाठवा. त्यांच्याकडे नसलेलं काही निघू शकतं. कागदांसाठी दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या आवारातलं पंतप्रधान संग्रहालयाचं ग्रंथालय आणि सोनिपतच्या अशोका विद्यापीठाचा समकालीन भारताचा संग्रह हे दोन्ही व्यक्तींचे खाजगी दस्तऐवज घेतात. जवळच ठेवायचं असेल तर मुंबई-पुण्यातल्या विद्यापीठांच्या पत्रकारिता किंवा मराठी विभागांशी बोला. पण देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: संग्रह एकत्र ठेवतील, ठराविक काळात यादी करतील, कुटुंबाला प्रत मिळेल आणि नको असलेलं परस्पर न टाकता आधी तुम्हाला विचारतील. दानपत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. तोंडी भरवशावर दिलेला संग्रह नवा विभागप्रमुख आला की गच्चीवर जातो, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे.

यादी तुम्हीच करा. साध्या एक्सेलमध्ये चालेल: खोका क्रमांक, वस्तू, लेबलावर जे लिहिलंय ते जसंच्या तसं (चूक असली तरी), तुम्हाला वाटणारी तारीख वेगळ्या रकान्यात, आणि शेरा. साठ कॅसेटी आणि दोन पोती कागद यांची खोकेवार यादी दोन माणसांना चार रविवारांत जमते. हातात यादी असली की संस्था तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलतात.

आणि हे सगळं चालू असताना माणसांना भेटा. वडिलांबरोबर काम केलेले लोक आज ७५-८० च्या घरात असतील. त्यांना 'आठवणी सांगा' म्हणू नका, ते पाठ झालेले किस्सेच सांगतील. समोर वस्तू ठेवा. एखादी क्यू शीट, स्टुडिओतला फोटो, सेटचा आराखडा. मग विचारा: या दिवशी कॅमेरे किती होते? हा कोपऱ्यात हेडफोन लावून उभा आहे तो कोण? ही बाहुली कुणी बनवली? रिटेक घेता येत होता का, की पहिल्याच फटक्यात जायचं? हात आराखड्यावर फिरायला लागले की नावं येतात. फ्लोअर असिस्टंट, रंगभूषाकार, दिवे लावणारे, ज्यांचं नाव पडद्यावर कधी आलं नाही ते. मोबाइल विमानमोडवर टाका, पंखा बंद करा, सुरुवातीला तारीख, जागा आणि दोघांची नावं बोला आणि ध्वनिमुद्रण वापरायला त्यांची परवानगी त्याच मुद्रणात घ्या.

सुरुवात आईंपासून करा. निर्मात्याच्या बायकोला युनिटमधलं कुणीही अनोळखी नसतं. रात्री उशिरा घरी जेवायला कोण यायचं, कुणाच्या लग्नाला दोघं गेले होते, कोणत्या फोटोच्या दिवशी ते चिडून घरी आले होते, हे त्यांना आठवत असेल. येत्या रविवारी दुपारचा चहा झाला की स्टुडिओतले फक्त पाच ग्रुप फोटो त्यांच्यापुढे ठेवा, त्याहून जास्त नको. मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवा, पेन्सिल तुम्ही धरा, आणि मागच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे, एकेक चेहरा विचारत जा.